बुधवारचा गठ्ठा

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी येतात. मध्ये २०२० साली डीसीने, म्हणजे बॅटमॅन काढणाऱ्या कंपनीने, आपला वार बदलून मंगळवार केला होता. २०२४च्या जुलैत तेही बुधवारवर परतले आणि माझी एका आठवड्यातली दुकानाची दुसरी फेरी वाचली. मी जर्सी सिटीत राहते. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि गेली काही वर्षं दर आठवड्याला तीन-चार नव्या सुपरहिरो अंकांची परीक्षणं लिहिते. "ताई, मलाही लिहायचंय, सुरुवात कुठून करू?" असं पुण्या-नाशिककडची मुलं विचारत असतात. प्रत्येकाला निराळं उत्तर लिहून दमले, म्हणून आता एकदाच सांगते.

याचं मूळ मिरजेला मामाच्या माळ्यावर आहे. तिथे पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे बांधून घेतलेले गठ्ठे होते. ही मालिका १९६४ साली सुरू झाली, १९९०मध्ये बंद पडली, आणि मराठीतूनही निघायची. मी अक्षरं जुळवायला लागले तेव्हा ती बंद झालेली होती, तरी वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक मला भेटले ते त्या ट्रंकेमुळे. मामा गठ्ठे मोजून द्यायचा. परत घेताना विचारायचा, "काय आवडलं गं?" नुसतं "मस्त होतं" म्हटलं की पुढचा गठ्ठा मिळायचा नाही. "बोट ठेवून दाखव," म्हणायचा. मग पान काढायचं, चौकट शोधायची आणि ती का आवडली ते सांगायचं. इथे आल्यावर परीक्षणं लिहायला बसले तेव्हा एवढं शिक्षण माझ्याकडे होतं आणि पहिल्याच वेळी मी ते विसरले.

पहिलं परीक्षण नऊशे शब्दांचं होतं. संपादकबाईंनी त्यातले सातशे लाल केले, कारण त्यांत मी अंकातली गोष्टच पुन्हा सांगितली होती, शेवटच्या पानावरच्या धक्क्यासकट. उरलेल्या दोनशे शब्दांत रंगकाराचं नाव चुकलेलं होतं. दोन दिवस रुसून बसले. नंतर मोजून पाहिलं तर अख्ख्या लेखात चित्रांबद्दल एकच वाक्य सापडलं: "चित्रंही सुरेख आहेत." त्या 'ही'ची मला अजून लाज वाटते.

नवखे सगळे इथेच घसरतात. आपण शाळेत धड्याचा सारांश लिहायला शिकलेलो असतो, त्यामुळे कॉमिकमध्येही गोष्ट तेवढी दिसते आणि ती फक्त लेखकाची वाटते. प्रत्यक्षात महिन्याच्या अंकात गोष्टीची पानं वीस-बावीस. त्यांच्यामागे लेखक, पेन्सिलीने रेखाटणारा, त्यावर शाई फिरवणारा (हे दोघे पुष्कळदा एकच असतात), रंगकार, फुगे आणि अक्षरं बसवणारा लेटरर, आणि या सगळ्यांच्या मागे तारखेची काठी घेऊन उभा असलेला संपादक. श्रेयनामावलीचं पान आधी वहीत उतरवून घ्यायचं. माझी चूक झाली तशी तुमची होऊ नये.

मी अंक तीनदा वाचते. पहिल्यांदा सरळ, पेन न घेता, चहाबरोबर. त्याला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दुसऱ्यांदा एकही अक्षर न वाचता फक्त चित्रं बघत जाते. फुग्यांशिवाय कोण कुठे उभं आहे, कोण चिडलंय, मार कुठून आला हे कळलं, तर चित्रकाराने आपलं काम केलंय. मारामारीच्या पानावर हे लगेच उघडं पडतं. पुष्कळ अंकांत हिरो एका चौकटीत छपरावर असतो, पुढच्या चौकटीत रस्त्यावर, आणि मधल्या फटीत काय झालं ते चित्रकारालाही ठाऊक नसतं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात. जिथे डोळा अडखळला तिथे फुली, जिथे थांबावंसं वाटलं तिथे टिंब.

पान उलटण्याकडे मुद्दाम लक्ष द्या. छापील अंकात धक्का बहुधा डाव्या पानावर येतो, कारण उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न टाकून हाताला पान उलटायला लावायचं असतं. फोनवर एकेक चौकट सरकवत वाचलंत तर हे कळतच नाही. मग "अंक संथ वाटला" असं लिहून मोकळे होता. डिजिटलच वाचत असाल तर टॅबलेट आडवा धरून दोन पानं शेजारीशेजारी बघा. मला पीडीएफ आला तरी मी तसाच बघते.

पाठीमागची चित्रंही बघा, नुसता हिरो बघू नका. हे मला कमला खानने शिकवलं. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांची मिस मार्व्हल २०१४ साली आली. तिची नायिका हीच कमला, पाकिस्तानी-अमेरिकन, राहणारी जर्सी सिटीची, म्हणजे माझीच गाववाली. पहिल्याच प्रसंगात ती दुकानात उभी राहून बेकनचा नुसता वास घेते, खात नाही. मी शाकाहारी घरातली. सांगलीच्या स्टँडवर ऑम्लेटच्या गाडीपाशी उगाच रेंगाळलेली. त्या चौकटीवर मी जेवढी थांबले तेवढी कुठल्याच मारामारीवर थांबले नसेन. तो अंक दुसऱ्यांदा फक्त चित्रांसाठी चाळला तेव्हा कळलं, की अल्फोनाने मागच्या फळ्यांवर, डब्यांवर, पाट्यांवर बारीकबारीक विनोद पेरून ठेवलेत. परीक्षणात हे एका वाक्यात सांगितलंत तरी वाचणारा आपण होऊन अंक उघडतो.

आता थोडं बाजाराबद्दल. हे कोणी सांगत नाही आणि मलाही उशिरा समजलं. कॉमिकच्या दुकानात न खपलेले अंक सहसा परत जात नाहीत. दुकानदाराने वीस मागवले आणि आठ खपले, तर बारा त्याच्याच बोडक्यावर. अंकाची जाहिरात साधारण तीन महिने आधी येते आणि ऑर्डर पक्की करायची शेवटची तारीख विक्रीच्या तीन-चार आठवडे आधी असते. म्हणजे तुम्ही बुधवारी रात्री जागून "जरूर घ्या" असं लिहिता, तेव्हा किती प्रती येणार हे केव्हाच ठरून गेलेलं असतं. दिवाळी अंक हवा असला तर आपण नवरात्रातच पेपरवाल्याला सांगून ठेवतो, तसं इथले नेहमीचे वाचक दुकानात आपली यादी देऊन ठेवतात. तिला पुल लिस्ट म्हणतात. तेव्हा शिफारस खरंच उपयोगी पडायला हवी असेल, तर तिसरा किंवा चौथा अंक वाचून पुढच्यासाठी नाव नोंदवायला सांगा. पहिल्या अंकावर उड्या पडतातच, दुसऱ्यापासून ऑर्डरी उतरत जातात. चांगल्या मालिका मरतात त्या या उतारावर.

पहिल्या अंकांच्या गर्दीचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देते. १९९१च्या एक्स-मेनच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती दुकानांत गेल्या. मुखपृष्ठंच पाच तऱ्हांची. लोकांनी एकाच अंकाच्या पाच-पाच प्रती घेतल्या, पुढे सोन्यासारख्या विकू म्हणून. एवढ्या प्रती घरोघरी पडून असल्यावर भाव कुठून येणार? पुढच्या काही वर्षांत बाजार कोसळला, दुकानं बंद पडली, आणि १९९६च्या अखेरीला एक्स-मेन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून "हा अंक गुंतवणूक म्हणून घेऊ का?" असं कुणी विचारलं तर मी सरळ एफडी सुचवते. व्हेरिएंट, म्हणजे एकाच अंकाच्या निराळ्या तऱ्हेच्या, मुखपृष्ठावर परीक्षण खर्ची घालू नका. आतली पानं तीच असतात.

गुणांचा मात्र मला कंटाळा आहे. दहापैकी आकडा द्यावाच लागतो, कारण लोक तोच बघतात. एकदा एका पहिल्या अंकाला मी साडेनऊ देऊन बसले. चौथ्यापर्यंत मालिकेचं भरीत झालं आणि माझ्याकडे खाली उतरायला जिनाच उरला नाही. आता पहिल्या अंकाला आठच्या वर जायला मी फार कुरकुरते.

मधेच चित्रकार बदलला तर तेही लिहायचं, पण दोन्ही बाजू बघून. महिन्याला वीस पानं एकाच हाताने सतत काढणं फार अवघड असतं, म्हणून कंपन्या अधूनमधून दुसरा माणूस आणतात. लेखक जोनाथन हिकमनच्या अल्टिमेट स्पायडर-मॅनची सुरुवात २०२४च्या जानेवारीत मार्को चेकेट्टोच्या चित्रांनी झाली. चौथ्या अंकात डेव्हिड मेसिना आला, आणि तो अंक बहुतेक सगळा जेवणाच्या टेबलावर बसलेल्या दोन जोडप्यांच्या गप्पांचा. "उड्या कुठायत?" म्हणून बरेच जण वैतागले. मला वाटतं, बसलेल्या चार माणसांचे चेहरे वीस पानं जिवंत ठेवणं हे इमारतीवरून उडी काढण्यापेक्षा कठीण आहे. तुम्हाला पटणार नाही कदाचित. मग तसं लिहा, पण कुठली चौकट मेली ते बोट ठेवून दाखवा.

लिहिण्यापेक्षा शिफारस करणं अवघड. ऑफिसातल्या एकीने विचारलं, "काय वाचू?" मी उत्साहाने त्या आठवड्यातला माझा सर्वांत आवडता अंक तिच्या हातात दिला. तो बारा मालिकांतून पसरलेल्या एका महाकथेचा सातवा तुकडा होता. तिने दुसऱ्या दिवशी तो फार सभ्यपणे परत केला आणि पुन्हा कधी काही मागितलं नाही. मी तिला काहीच विचारलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. आता मी आधी तीन गोष्टी विचारते. शेवटचं काय वाचलंस, मग ते कॉमिक असो की कादंबरी? सुपरहिरोंचं काय डोक्यात जातं? आणि दर महिन्याला थोडं-थोडं चालेल की एकदम जाड पुस्तक हवं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण जाड पुस्तक म्हणतात. त्यांना सुटा अंक द्यायचाच नाही. पाच-सहा अंक एकत्र बांधलेला ट्रेड द्यायचा.

दुसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. माझा एक मित्र सिव्हिल इंजिनियर, पुण्याचा. बॅटमॅन म्हटलं की तोंड वाकडं करायचा: "बापाचा पैसा आणि रात्री गरिबांना बडवायचं." त्याला मी स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा ॲब्सोल्यूट बॅटमॅन दिला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या या मालिकेत ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, ना हवेली ना बटलरची सेवा. बाप शिक्षक होता, आई जिवंत आहे, आणि तो स्वतः शहराच्या कामावरचा इंजिनियर आहे. ड्रॅगोटाने त्याला काँक्रीटच्या ठोकळ्यासारखा रुंद काढलाय. आठवड्याने मित्राचा फोन आला, "अगं, हा तर आमच्या लाइनीतला निघाला." त्यानंतर मला अर्धा तास बॅटमॅनच्या गोथम शहराच्या बांधकामावरचं व्याख्यान ऐकावं लागलं. आता त्याची पुल लिस्ट माझ्यापेक्षा लांब आहे.

कॉलेजनंतर स्पायडर-मॅन सोडलेल्या दोन पोरांच्या बापाला मी वरचा अल्टिमेट स्पायडर-मॅन देते, कारण त्यात पीटरही दोन पोरांचा बाप आहे आणि त्याला शक्ती मिळते ती संसार थाटून झाल्यावर. दहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र आधी स्वतः वाचून बघा. मुखपृष्ठावर केप दिसली म्हणजे अंक लहान मुलांचा, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. वरचा बॅटमॅन तर चांगलाच रक्तबंबाळ आहे.

महाराष्ट्रात बसून हे करता येतं का? येतं. ताजे छापील अंक मागवणं महाग पडतं, तेव्हा डिजिटल घ्या. मार्व्हल अनलिमिटेड या मार्व्हलच्या वर्गणीच्या ॲपवर अंक साधारण तीन महिन्यांनी येतात, म्हणजे ताज्या परीक्षणाला ते उपयोगाचं नाही. पण सवय लागायला आणि मागचं वाचून काढायला फार चांगलं. सुरुवातीला तिथलंच वाचून पाच-सहा परीक्षणं लिहून ठेवा. प्रत्येकी चारशे शब्द, गोष्ट फार तर तीन ओळी. संपादकाला दाखवायला तेवढे नमुने पुरतात. पुढे प्रकाशकांकडून आगाऊ प्रती येऊ लागतात. पीडीएफवर बहुधा तुमचं नाव पाण्याच्या खुणेसारखं छापलेलं असतं आणि अमुक तारखेआधी काही बोलायचं नाही अशी अट असते. ती फाइल मित्राला "फक्त बघायला" पाठवू नका. ती फुटली की नाव तुमचंच दिसतं. आणि फुकट प्रत आली म्हणून गोड लिहायची गरज नाही. मी एका मालिकेला सलग तीन महिने झोडपलं, तरी प्रती येत राहिल्या.

पैशांचं विचारणार, हे माहीत होतं. नोकरी सोडू नका. सुरुवातीला फुकटच लिहावं लागतं, नंतर मिळतं ते अंकांच्या खर्चाला पुरेल एवढं, आणि एक अंक इथे चार-पाच डॉलरला पडतो. माझं गेल्या वर्षीचं सगळं मानधन अंक आणि ते ठेवायच्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेलं. खोकी ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून नवऱ्याने पलंगाच्या पायांखाली विटा लावून दिल्या.