निरीक्षणगृहात 'पेच-वर्ग' कसा घ्यावा

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना प्रकरण चालू असताना निरीक्षणगृहात ठेवतात. चोरी करू नये, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: का करू नये? "पकडलं तर मार बसतो" किंवा "माझा काय फायदा?" इथंच गाडी थांबते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून नैतिक विचाराच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतल्या या पहिल्या दोन. पुढच्या अनेक अभ्यासांत गुन्ह्यात सापडलेली मुलं आपल्या वयाच्या इतरांपेक्षा याच पायऱ्यांवर जास्त रेंगाळलेली दिसली. "आईला काय वाटेल, ज्याचं गेलं त्याचं काय होईल" ही तिसरी. तिथवर उपदेशानं कुणी पोचत नाही. त्यासाठी हा पेच-वर्ग: काय करावं असा पेच पडेल असा एक प्रसंग मुलांपुढं ठेवायचा आणि त्यावर त्यांनाच बोलतं करायचं.

गट सात-आठ जणांचा, वेळ तासभर, आठवड्यातून एकदा, निदान दहा आठवडे. पेच मुलांच्या जगातला हवा. उदाहरणार्थ: मित्र रात्री मोटारसायकल घेऊन येतो. चावी नाही, वायर जोडून सुरू केलेली. "बस मागं, घरी सोडतो." याच मित्रानं गेल्या महिन्यात तुला मारामारीतून सोडवलंय. बसशील?

आधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर उत्तर आणि कारण घ्या; लिहिता येत नसेल त्याच्याजवळ बसून हळू आवाजात विचारा. ही पायरी गाळली की गटातला 'दादा' पहिला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग चिठ्ठ्या नावं न घेता फळ्यावर मांडा.

चर्चेची सुरुवात 'बसणार नाही' म्हणणाऱ्यांपासून करा. त्यांची कारणं फळ्यावर पक्की झाली की मगच बाकीच्यांना त्यांना उत्तर द्यायला लावा. क्रम उलटला तर धीट मुलं बाजी मारतात. नंतर जागा बदला: "ती गाडी तुझ्या बहिणीची असती आणि सकाळी तिला कामावर जायचं असतं तर?"

"त्यानं गाडी बाहेर ठेवलीच कशाला?" हे वाक्य हमखास येतं. दोष दुसऱ्यावर ढकलायची ही सवय गुन्ह्याला मोकळी वाट करून देते, म्हणून ते सोडू नका. रागावूही नका, गटालाच विचारा, "यात गाडीवाल्यानं काय केलं?" तुम्ही उत्तर दिलंत की तास संपला, पुढं मुलं फक्त तुम्हाला आवडेल ते बोलतात.

बाल न्याय मंडळापुढं प्रकरण चालू असतं. त्यामुळं सुरुवातीलाच सांगा की बोलायचं ते गोष्टीतल्या मुलाबद्दल. कुणी स्वतःचं सांगू लागला तर तिथंच थांबवा आणि ते वकिलाशी बोलायला सांगा.

विचार सुधारला म्हणून वागणं आपोआप सुधारत नाही. म्हणूनच गोल्डस्टीन आणि ग्लिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या, आक्रमक मुलांसाठीच्या दहा आठवड्यांच्या कार्यक्रमात अशा चर्चेला राग आवरण्याची आणि माणसांशी वागण्याची तालीम जोडलेली आहे. वर्गात 'नाही' म्हणणारा मुलगा रात्री अकरा वाजता तोंडातून 'नाही' निघत नाही म्हणून गाडीवर बसतो. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखा. दोघांना समोरासमोर उभं करा. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं "नको, मी चालत जातो" म्हणत पाऊल मागं घ्यायचं. तीनदा करा, तिसऱ्यांदा आग्रह करणाऱ्याला "घाबरला काय?" म्हणायला लावा.