कोर्नासच्या उतारावर तोडणीला येताय? हे वाचून या

वाइन शिकणारी नाशिककडची मुलं अधूनमधून आमच्याकडे तोडणीला येतात. मी मूळची दिंडोरीची, सासर फ्रान्समधल्या कोर्नासचं. रोन नदीच्या पश्चिम काठावर उभा चढ, त्यावर दगडी बांध घालून लावलेले वेल. जात एकच, सिरा, म्हणजे आपली शिराझ. कोर्नासच्या लाल वाइनला दुसरी जात चालतच नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते: तळघरात वाइन सुधारायला आपण काही घालणार नाही, फार तर शेवटी थोडं सल्फाइट, तेव्हा निवडानिवड वेलापाशीच उरकायची.

बूट घोट्याच्या वर येणारे हवेत. ग्रॅनाइट कुजून वर भुगा झालाय, त्यावरून पाय सटकतो. इथे मांडव नाही, प्रत्येक वेल खुंटाला बांधलेला. वेलाच्या खालच्या अंगाला उभं राहा, तोंड डोंगराकडे. क्रेट खुंटाच्या वरच्या अंगाला टेकवून ठेवा, नाहीतर भरलेला क्रेट थेट खालच्या बांधावर जाऊन थांबतो. काठोकाठ भरू नका. तळचे मणी फुटले की रस उन्हात आंबायला लागतो.

प्रत्येक घड तळहातावर उलटा करून आत बोट घाला. बुरशी नेहमी देठाजवळ, आतल्या बाजूला लपते. तेवढाच भाग कात्रीच्या टोकाने काढा, नाकाजवळ धरा, व्हिनेगरचा वास आला तर अख्खा घड खाली टाका. आपल्याकडे जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) बुडवून मणी फुगवायची सवय असते. इथे मणी बारीक आणि साल जाड हवी, फुगीर घड बघून हरखू नका. साखर रिफ्रॅक्टोमीटर सांगतो, पण आमचे सासरे बी चावून बघतात. बी तपकिरी आणि कुरकुरीत पाहिजे. देठ हिरवा असेल तर वाइनला कडवटपणा येतो, कारण आम्ही घड देठासकट टाकीत घालतो.

तोडणीच्या काही दिवस आधी थोडी द्राक्षं काढून तीन बादल्यांत पायाने तुडवून ठेवतो. हे आमचं विरजण. विकतचं यीस्ट नाही. ज्या बादलीला नेलपॉलिशचा वास येतो ती ओतून द्यायची, सगळ्यात स्वच्छ वासाची टाकीत घालायची.

टाकी आंबायला लागली की रोज दोन गोष्टी मोजा: तापमान आणि घनता. तापमान ३० अंशांच्या आसपास रोखा. घनता (लिटरला ग्रॅम; साखर संपते तशी उतरते) साधारण १०९५ वरून हजाराच्या खाली आली पाहिजे. मध्येच अडली तर लगेच हाक मारा. साखर शिल्लक आणि यीस्ट थकलेलं, ही जीवाणूंची मेजवानी असते. वर आलेला चोथा दिवसातून एकदा पायाने दाबतो. जास्त दाबलात तर देठाचा तुरटपणा उतरतो. आणि हे नीट ऐका: एकट्याने टाकीत उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, माणूस दोन श्वासांत कोसळतो. पंखा चालू, मीटर हातात, वर दुसरा माणूस उभा.

तोडणी संपल्यावर थांबणार असाल तर शिंगखताला हात लावा. दुभत्या गाईचं शेण शिंगात भरून शरद ऋतूत पुरायचं, वसंतात काढायचं. हेक्टरी साधारण १०० ग्रॅम, ३० ते ३५ लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळायचं; भोवरा झाला की उलट दिशेने फिरवायचं आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. बायोडायनॅमिक शेतीची ही पद्धत, रुडॉल्फ स्टायनरच्या १९२४ च्या व्याख्यानांतून आलेली. शिंगात काय होतं ते मला पटलेलं नाही. सासऱ्यांशी यावर वाद घालू नका, जेवण लांबतं. डावणीला (पानांवरच्या बुरशीच्या रोगाला) मात्र शिंग पुरत नाही, बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण मारावंच लागतं, तेही हात राखून: युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं ही मर्यादा आहे.

वाइन जुन्या पिंपांत जाते. पिंप दर आठवड्याला काठोकाठ भरा, वरची हवा नको. बाटलीत भरताना काही पिंपांना लिटरला २० मिलिग्रॅम सल्फाइट (वाइन टिकवणारं) देतो, काहींना अजिबात नाही. मे महिन्यात घरी न्यायची असेल तर सल्फाइटवाली मागून घ्या. बिनसल्फाइटची वाइन नाशिकच्या उन्हात गाडीच्या डिकीत टिकत नाही.