रनिंग बॅक पहिल्याच फेरीत घ्यावा का? ठरवायचं कसं

एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट होतो. त्यात संघ कॉलेजातून आलेले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी संध्याकाळी सुरू होते, तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची पहाट असते. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याची पाळी आधी. आयपीएलसारखी बोली लागत नाही. पाळी आली की एक नाव सांगायचं आणि बाजूला व्हायचं. त्या पहिल्या आठ-दहा नावांत एखादा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन बचावफळीत घुसणारा गडी, आला की हमखास वाद पेटतो. निम्मे लोक म्हणतात, एवढा भारी पोरगा कोण सोडेल? उरलेले म्हणतात, वाया घालवली पाळी.

दोन्ही बाजू खेळाडूकडेच बघत बसतात. माझ्या मते आधी संघाकडे बघावं आणि पोराचे व्हिडिओ नंतर लावावेत. कोणत्याही संघाच्या बाबतीत हा हिशेब आपल्याला घरबसल्या करता येतो. तो असा.

१. आधी पगाराचे दोन आकडे लिहून काढा

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नवख्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरून ठरतो. तो मैदानात कुठल्या जागेवर खेळतो याचा त्यात विचार नाही. न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ मध्ये सेक्वॉन बार्कलीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याला चार वर्षांचे सुमारे ३.१ कोटी डॉलर मिळाले. त्या जागी क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला असता तरी रक्कम जवळपास तेवढीच झाली असती.

आता बाजारभाव बघा. २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉट या क्वार्टरबॅकचा करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरवर गेला. रनिंग बॅकमध्ये २ कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो बार्कलीनेच, मार्च २०२५ मध्ये. म्हणजे वरच्या पाळीला चांगला क्वार्टरबॅक सापडला तर संघाचे चार वर्षांत डोंगराएवढे पैसे वाचतात, आणि ते पैसे इतर जागांवर लावता येतात. रनिंग बॅक अगदी अव्वल निघाला तरी वाचणारी रक्कम त्यामानाने किरकोळच. एकूण पगारावर मर्यादा असलेल्या या खेळात हे गणित टाळता येत नाही.

२. कोणाला सोडतोय ते बघा

२०२३ मध्ये अटलांटा फाल्कन्सनी आठव्या क्रमांकावर बिजान रॉबिन्सनला घेतलं. लगेच नवव्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सनी जेलन कार्टर हा बचावफळीचा टॅकल उचलला. बिजान उत्तम खेळला, २०२४ मध्ये १,४५६ यार्ड धावला, आणि तरी फाल्कन्स त्या वर्षी ८ विजय, ९ पराभवांवर थांबले. ईगल्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले.

इथे एक सावधगिरी. निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. २०१७ मध्ये जॅक्सनव्हिलने चौथ्या क्रमांकावर लेनर्ड फोर्नेटला घेतलं आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स दहाव्यापर्यंत शिल्लक होता, हे खरं. पण माहोम्सला सोडणारे इतरही संघ होतेच. म्हणून यादी करताना पुढे कोण मोठा झाला हे विसरा. त्या दिवशी संघाला कुठल्या जागेची खरी निकड होती आणि त्या जागेचा कोण हाताशी होता, एवढंच लिहा. क्वार्टरबॅकची जागा रिकामी असेल तर माझ्या मते पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही. रनिंग बॅक नको.

३. लाइन तपासा, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ ऑफेन्सिव्ह लाइनवर घालवा. रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करणारे हे पाच धिप्पाड गडी कसे आहेत, यावर त्याचं निम्मं नशीब ठरतं.

बार्कलीचीच गोष्ट घ्या, कारण माणूस तोच आणि संघ दोन. जायंट्सकडे पहिल्याच वर्षी त्याने १,३०७ यार्ड धावून काढले, वर ९१ पास झेलले, आणि वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला. संघाचा निकाल? ५ विजय, ११ पराभव. लाइन कच्ची होती, क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग ३७ वर्षांचा होता, आणि त्याचा वारस शोधायला पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या फेरीतली पाळी खर्चावी लागली. २०२० मध्ये बार्कलीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. सहा हंगामांत जायंट्स प्लेऑफमध्ये एकदाच पोहोचले.

२०२४ मध्ये तो ईगल्सकडे गेला. तिथे लाइन आधीच उभी होती. उजवीकडे लेन जॉन्सन, २०१३ च्या ड्राफ्टमधला चौथा. डावीकडे जॉर्डन मायलाटा, सिडनीहून आलेला रग्बी लीगचा खेळाडू, ज्याने ड्राफ्टपूर्वी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. गंमत म्हणजे मायलाटा २०१८ च्याच ड्राफ्टमधला, सातव्या फेरीतला! अशा लाइनमागे बार्कली एका हंगामात २,००५ यार्ड धावला, दर धावेमागे ५.८. आणि सुपर बोलमध्ये त्याला २५ धावांत ५७ यार्डच मिळाले, तरी ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं.

लाइन तपासायची एक सोपी रीत आहे. संघाच्या मागच्या हंगामातल्या तीन-चार सामन्यांचे व्हिडिओ लावा. चेंडू रनिंग बॅकच्या हातात गेला त्या क्षणी चित्र थांबवा. समोर वाट दिसतेय का? मग पुढे सरकवा आणि पहिला बचावपटू त्याला कुठे शिवतो ते बघा. दर वेळी खेळ जिथून सुरू झाला त्या रेषेच्या अलीकडेच हात लागत असेल, तर नवा बॅक आणून काही होणार नाही. आधी लाइनमधला टॅकल किंवा गार्ड घ्या. दोन-तीन यार्ड पुढे गेल्यावर स्पर्श होत असेल आणि गडी तिथेच आडवा होत असेल, तर मात्र चांगला बॅक फरक पाडेल.

डेट्रॉइट लायन्सचं उदाहरण याच कारणासाठी मला पटतं. २०२३ मध्ये त्यांनी बाराव्या क्रमांकावर जामीर गिब्स घेतला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण लाइनमधला पेनी स्यूएल २०२१ मध्येच येऊन बसला होता, लाइन पक्की होती, जॅरेड गॉफ क्वार्टरबॅक होता. त्या हंगामात लायन्सनी १२ सामने जिंकले आणि एनएफसीच्या, म्हणजे लीगमधल्या निम्म्या संघांच्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली.

४. तिसऱ्या डाउनला तो कुठे असतो?

आता खेळाडूकडे वळा. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात; तिसऱ्याला बहुधा पास फेकला जातो. नुसता धावणारा नको. पास झेलतो का, आणि क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अडवतो का, हे दोन प्रश्न विचारा. कॉलेजच्या सामन्यांत तिसऱ्या डाउनला त्याला बाहेर बसवत असतील, तर वरच्या पाळीचा विषय तिथेच मिटवा.

कॉलेजात किती वेळा चेंडू त्याच्या हाती दिला तेही मोजा. अ‍ॅश्टन जेंटीने बॉइझी स्टेटकडून २०२४ मध्ये ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड काढले, बॅरी सँडर्सच्या कॉलेजमधल्या एका हंगामाच्या विक्रमाला २७ यार्ड कमी. पुढच्या वर्षी रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ३७४ वेळा आदळणं अंगावर निघतं हेही लक्षात ठेवा.

५. खालच्या फेऱ्या चाळा

२०२० मध्ये कॅन्सस सिटीने पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ व्या क्रमांकावर, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर घेतला. ४१ व्या क्रमांकावर कोल्ट्सना जोनाथन टेलर मिळाला, जो पुढच्याच वर्षी १,८११ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. आणि कॅन्सस सिटीला हवा तसा बॅक सापडला २०२२ मध्ये, सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर: आयझाया पचेको. त्याच हंगामात ते सुपर बोल जिंकले.

त्या वर्षीच्या यादीत आपल्याला चालतील असे बॅक किती, ते मोजा. पाच-सहा असतील तर थांबा, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एखादा येतोच. एकच असेल आणि वरच्या सगळ्या पायऱ्यांवर होकार आला असेल, तर बिनधास्त घ्या.

६. सोडायची तारीख आधीच ठरवा

पहिल्या फेरीतल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. रनिंग बॅक घेताना हिशेब या चार-पाच वर्षांचाच धरावा. रॅम्सनी २०१८ मध्ये टॉड गर्लीला मोठा नवा करार दिला आणि २०२० मध्ये सोडून दिलं. डॅलसने २०१९ मध्ये इझिकिएल एलियटला सहा वर्षांचे ९ कोटी डॉलर कबूल केले, २०२३ मध्ये तोही बाहेर. डेरिक हेन्रीसारखा एखादा तिशीतही १,९२१ यार्ड काढतो, पण त्याच्या भरवशावर करार लिहू नयेत.

पाचव्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला द्यावा लागतो, म्हणून तो आधीच्या हिवाळ्यातच चर्चेला घ्यावा. रेडर्सनी २०२२ मध्ये जॉश जेकब्सचा हा पर्याय नाकारला. त्याच हंगामात तो १,६५३ यार्डांसह लीगमध्ये अव्वल आला. मग त्याला थांबवायला २०२३ मध्ये १ कोटी डॉलरहून अधिकचा फ्रँचाइझ टॅग, म्हणजे खेळाडूला एक वर्ष राखून ठेवायची सोय, लावावा लागला, आणि वर्षभराने तो ग्रीन बेला निघून गेला.