कोल्हापुरात पॅराग्लायडिंगचा क्लब काढताय? मग आधी न उडायची सोय करा

चार जणांनी विंग, म्हणजे उडायचे कापडी पंख, घेतल्या की आपल्याकडं काय होतं, आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग लोगो, मग टी-शर्ट, आणि मग कुणालातरी आठवतं की आरं हवा कोण बघणार. हे उलटं करा. कोर्स आधी करून या, कामशेतला शाळा आहेत, पी-वन पी-टू, म्हणजे नवख्यांचे पहिले दोन टप्पे, तिथं रीतसर करून मगच क्लबात या. युट्यूब बघून माळावर विंग उघडणाऱ्याला क्लबात घेऊ नका, मित्र असला तरी. आणि डोंगर ठरवायच्या आधी ग्रामपंचायत, वनखातं, जमिनीचा मालक ह्यांना विचारून घ्या, उजळाईवाडीच्या विमानतळाच्या आसपास तर परवानगीशिवाय विषयच काढायचा नाही.

आता मुद्द्याचं. हवेचं सगळ्यांना कळतं हो. कळत असून लोक उडतात, कारण पहाटे उठून वीस किलोची बॅग पाठीवर टाकून वर चढलेलं असतं, सोबत पाव्हणे आलेले असतात, मोबाईल काढून "उडा की भावा" चाललेलं असतं, आणि कोल्हापुरी माणसाला "घाबरला व्हय" एवढं म्हटलं की संपलं. म्हणून क्लबाचं पहिलं काम म्हणजे न उडायच्या दिवसाचा बेत आधीच ठरवून ठेवणे. हवा बिघडली तर अमुक ठिकाणी मिसळ, तिथनं पन्हाळ्यावर चक्कर, नाहीतर खाली माळावर ग्राउंड हँडलिंग, म्हणजे विंग डोक्यावर धरून नुसतं खेळायचं. हा बेत आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका. खाली उतरून जायला काहीतरी चांगलं असलं की माणूस आपोआप शहाणपणानं बोलतो. आणि "आज मी नाही" म्हणणाऱ्याची थट्टा नाही, हा नियम सगळ्यात कडक ठेवा, बाकी सगळ्यावर थट्टा चालू द्या.

आकडे पण डोंगराच्या पायथ्यालाच ठरवा, वर गेल्यावर नाही. नवख्याला समोरनं ताशी १० ते १८ किमीचा सलग वारा पुष्कळ झाला. साध्या विंगचा वेग ताशी ३५-३८ किमी असतो, वारा त्याच्या जवळ गेला की तुम्ही पुढं जायचं सोडून जागीच राहणार, त्याच्या वर गेला की मागं मागं डोंगराच्या पाठीमागं जाणार आणि तिथं रोटर, म्हणजे घुसळलेली हवा. नुसता वेग बघू नका, १२ चा मधेच २५ होत असेल तर बॅग बांधा. दर वेळी एकजण हवा बघणारा नेमा, आळीपाळीनं. त्यानं "नाही" म्हटलं की सगळ्यांसाठी नाही. त्यानं "हो" म्हटलं तर मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

ऊसाच्या हंगामात आपल्याला एक फुकटची सोय आहे, गुऱ्हाळाचा धूर. वरनं बघा, चिमणीतनं धूर सरळ वर जातोय का आडवा झोपलाय, आणि दोन लांबच्या गुऱ्हाळांचा धूर वेगवेगळ्या दिशेला जात असेल तर हवा अजून ठरलेली नाही असं समजा आणि बसा जरा. एप्रिल-मे मध्ये मात्र वळवाला घाबरायचं. सकाळ छान असते, दुपारी ढग कोबीसारखे फुगतात, आणि "राधानगरीकडं अंधारलंय, आपल्याकडं तर ऊन आहे" असं म्हणत कुणीतरी टेक-ऑफला उभा राहतो. पडणाऱ्या वळवाचा गार वारा पावसाच्या कितीतरी पुढं धावतो, आणि तो आला की खाली यायला वेळ मिळत नाही.

टेक-ऑफला एकमेकांचं चेकिंग जोडीनं करा: हेल्मेट, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (विंगला हार्नेस, म्हणजे बसायची पट्ट्यांची खुर्ची, जोडणारी कडी), रिझर्व्हची, म्हणजे संकटात उघडायच्या छत्रीची पिन, दोऱ्या. मधेच फोन आला किंवा कुणी सेल्फी मागितली तर पुन्हा पहिल्यापासनं. पायाचे पट्टे राहिलेला माणूस हवेत काखेत लटकतो आणि त्याला हार्नेसमध्ये बसता येत नाही, हे नव्या मेंबरला तोंडी सांगू नका, खाली झाडाला हार्नेस टांगून दाखवा. हवेत दोघं समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क, दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, पहिला ज्या दिशेला फिरतोय त्याच दिशेला सगळे.

उतरायचं कुठं हे शेतकऱ्याला आधी विचारलेलं असावं. उभा ऊस वरनं गादीसारखा दिसतो, पण आत शिरलात की माणसापेक्षा उंच, तुम्ही कुणाला दिसणार नाही, पानं कापतात आणि नुकसान होतं ते वेगळंच. तारा वरनं दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चाला. कुणी तारेत अडकलाच तर त्याला हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून लाईट बंद झाल्याची खात्री करायची, जखमीसाठी १०८. झाडात अडकला तर हलू नका, खिशात दात साफ करायच्या दोऱ्याची डबी ठेवा, ती खाली सोडली की खालचे लोक तिला दोरखंड बांधून वर पाठवतात. नुकसान झालं तर तिथल्या तिथं पैसे द्या, आणि वर्षातनं एकदा त्या शेतकऱ्यांना तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणाला बोलवा. ज्या क्लबाची गावाशी अशी ओळख असते त्याच्या पोराला कुठं पडला ते गावच फोन करून सांगतं.

जून ते सप्टेंबर बॅगा बंद. तेव्हा एक रविवार रिझर्व्हसाठी ठेवा, कंपनीच्या पुस्तकात जेवढे महिने लिहिलेत तेवढ्यात तो उघडून पुन्हा घडी घालायला लागतोच. हॉल घ्या, प्रत्येकानं टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून स्वतः ओढायचा, घडी जाणकारानं घालायची, बाहेर पाऊस आणि आत भजी-चहा. त्याच दिवशी वर्षात कुणाचं काय थोडक्यात चुकलं ते बोलायचं, टोमणे न मारता, नाहीतर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही.

बिअर-बिअर ज्याला घ्यायची त्यानं बॅगा गाडीत गेल्यावर, आणि गाडी चालवणाऱ्यानं तेव्हाही नाही. आणि ग्रुपवर प्रत्येकाचा "उतरलो" मेसेज आल्याशिवाय कुणी जेवायला निघायचं नाही. ज्याचा आला नाही त्याला फोन, मग लाईव्ह लोकेशन, आणि अर्ध्या तासात काही कळलं नाही तर दोन गाड्या काढायच्या.