चतुर्थीच्या तोंडावर अडलेलं प्लगइन

म्हापशाहून आम्ही माटोळीची (चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) माहिती देणारी साइट चालवतो. अंबाडे, तिरफळं यांपैकी कुठलं पान किती वाचलं जातं, हे माटोमोत (साइटच्या भेटी मोजणारं सॉफ्टवेअर, 2018 पर्यंतचं पिविक) लोकांनी मिळून लिहिलेल्या एका प्लगइनमधून, म्हणजे जोड-प्रोग्राममधून, दिसे. मूळ लेखक थांबल्यावर ते मीच सांभाळलं.

माटोमोच्या पाचव्या आवृत्तीवर गेलो आणि पडदा पांढरा. डॅशबोर्डच उघडेना, मग प्लगइन बंद कुठून करणार? सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमधून त्याच्या नावाची ओळ काढली, कॅशे (तात्पुरता साठा) पुसला. डॅशबोर्ड परत आला. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) कारण स्पष्ट होतं: नव्या आवृत्तीत नसलेलं एक फंक्शन आपलं प्लगइन बोलावत होतं. प्लगइन माटोमोच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत चालतं, ही त्याच्या जेसन फाइलमधली (प्लगइनची माहिती लिहिलेली फाइल) मर्यादा मीच न तपासता वाढवली होती.

फंक्शन बदललं, अहवाल पुन्हा तयार केले. बंद काळातल्या भेटी मात्र गेल्या, त्याचं वाईट वाटतं. आता अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर.