टोनआर्म आधी, कार्ट्रिज नंतर

चांगली महागडी कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड वाचणारी सुई ज्यात बसते तो भाग, घ्यायची ठरली की बहुतेक जण परीक्षणं वाचायला बसतात. मग अमुक कार्ट्रिजचा बास कसा दणदणीत आणि तमुकचा आवाज कसा मोकळा, यातच दोन महिने जातात. पण परीक्षण लिहिणाऱ्याचा आर्म (टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा टर्नटेबलाचा हात) तुमच्या घरी नसतो, आणि कार्ट्रिज एकटी वाजत नाही. म्हणून परीक्षणं बाजूला ठेवा आणि आपल्या टर्नटेबलाची माहितीपुस्तिका शोधा.

आर्मचे आकडे काढा

दोन आकडे हवेत. पहिला इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला हलवताना आर्मचं जे वस्तुमान जाणवतं ते. आर्म तराजूवर ठेवून हा आकडा मिळत नाही, तो कंपनीने दिलेला असतो. टेक्निक्स एसएल-१२०० मालिकेच्या आर्मचा हेडशेलसकट, म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या टोकासकट, सुमारे १२ ग्रॅम आहे. फिक्स्ड हेडशेलच्या एसएमई ३००९ सीरीज टू इम्प्रूव्हडचा जेमतेम साडेसहा. जुन्या जपानी अवजड आर्मांत ३० ग्रॅमच्या आसपासचेही सापडतात.

दुसरा आकडा मागच्या वजनाचा, म्हणजे काउंटरवेट किती ग्रॅमची कार्ट्रिज तोलू शकतं. एसएल-१२०० एमके-२ वर जादा वजन न लावता ६ ते १० ग्रॅमची कार्ट्रिज बसते. त्यापलीकडे जायचं तर मागे अतिरिक्त वजन लावावं लागतं.

आता हिशेब

कार्ट्रिजच्या तपशिलात ‘कंप्लायन्स’ दिलेला असतो, म्हणजे सुईची दांडी किती सहज लवते. आर्मचं वस्तुमान आणि ही लवचीकता मिळून एक नैसर्गिक कंपन ठरतं. ते ८ ते १२ हर्ट्झच्या मधे पडावं. कारण सरळ आहे: वाकलेल्या तबकडीच्या लाटा मुख्यतः ५-६ हर्ट्झच्या खाली असतात आणि संगीत २० हर्ट्झच्या वर सुरू होतं. कंपन मधल्या मोकळ्या जागेत राहिलं की दोन्हीकडचा त्रास टळतो.

सूत्र असं: एकूण वस्तुमान (आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू, ग्रॅममध्ये) गुणिले कंप्लायन्स, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

डेनॉन डीएल-१०३ घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात घडवलेली ही कार्ट्रिज आजही बनते. वजन साडेआठ ग्रॅम, कंप्लायन्स ५. इथेच बरेच जण फसतात. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजलेला देतात आणि आपलं सूत्र १० हर्ट्झचा मागतं. त्यामुळे जपानी आकडा दीडपट ते दुप्पट करून घ्यायचा. दुप्पट धरला तर १०. टेक्निक्सच्या १२ ग्रॅमच्या आर्मवर, स्क्रूंचा एक ग्रॅम धरून, एकूण वस्तुमान २१.५, गुणाकार २१५, वर्गमूळ १४.७ आणि उत्तर सुमारे १०.८ हर्ट्झ. जोडी जमली. तीच कार्ट्रिज त्या हलक्या एसएमईवर लावली तर उत्तर साडेबाराच्या वर जातं. शिवाय ताठ दांडी आपली थरथर त्या नाजूक आर्मात ढकलत राहते. डीएल-१०३ ची ‘रुक्ष’ म्हणून जी तक्रार होते, ती मला तरी बऱ्याचदा हलक्या आर्मची तक्रार वाटते.

आता उलट टोक. ऑर्टोफॉन २एम ब्लॅकचं वजन ७.२ ग्रॅम, कंप्लायन्स २२. हिला तो एसएमई मानवतो: ८.८ हर्ट्झ. टेक्निक्सवर साडेसात येतं. ते किंचित कमी आहे, पण रेकॉर्ड सपाट असतील तर चालून जातं. ३० ग्रॅमच्या आर्मवर साडेपाच, तिथे नादच सोडा. हेडशेलवर दोन-तीन ग्रॅमची पट्टी लावून हलका आर्म जड करता येतो, जड आर्म हलका करणं मात्र कठीण. आर्म जड असेल तर कमी कंप्लायन्सच्या कार्ट्रिजच पाहा.

फोनो स्टेज काय झेपवेल?

फोनो स्टेज म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारी एमएम कार्ट्रिज, साधारण ५ मिलिव्होल्ट देते. ४० डेसिबलच्या, म्हणजे शंभरपटीच्या फोनो स्टेजमधून त्याचे ५०० मिलिव्होल्ट होतात. डीएल-१०३ सारखी मूव्हिंग कॉइल (एमसी), म्हणजे चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलणारी, देते ०.३. तीच स्टेज तिचे फक्त ३० करील, आणि आवाज वाढवला की खरखरही वर येईल. एमसीला ६० डेसिबल लागतात किंवा मधे व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. तो १:१० चा असला तर ४७ हजार ओहमचं इनपुट कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतं. लोड, म्हणजे कार्ट्रिजला दिसणारा हा रोध, तिच्या स्वतःच्या रोधाच्या निदान दहापट असावा, या रूढ हिशेबात ४० ओहमची डीएल-१०३ आरामात बसते. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. सगळे पैसे एमसीवर घालून तिला अँप्लिफायरमधल्या किरकोळ फोनो इनपुटला जोडण्यापेक्षा उत्तम एमएम केव्हाही बरी.

एमएमला मात्र केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बाधते. २एम मालिकेला १५० ते ३०० पिकोफॅरड हवेत, आणि यात केबल व फोनो स्टेज दोन्ही मोजायचे. जास्त झाली की वरच्या पट्टीचा तोल बिघडतो.

सुईचं टोक: ख्याल ऐकणाऱ्यांनी इथे थांबावं

एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ फक्त २१. तेवढ्याच वेळेचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, म्हणून आवाज फाटायचा तो तिथे. आणि आपल्या एलपीवर तिथे काय असतं? भीमसेन जोशींची किंवा किशोरी आमोणकरांची ख्यालाची एलपी लावा. बाहेर विलंबित सावकाश उलगडतो आणि द्रुत ताना नेमक्या लेबलजवळ येतात. पाश्चात्त्य पॉपच्या चाहत्यापेक्षा आपल्याला आतल्या खाचांची काळजी जास्त.

गोल टोक या आतल्या बारीक वळणांत नीट शिरत नाही. लंबवर्तुळाकार बरं, शिबाता किंवा मायक्रोलाइन आणखी बरं. जेव्हीसीच्या चार चॅनलच्या सीडी-४ रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा कॅरिअर, म्हणजे वाहक लहर, असे. तो वाचण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिबाता टोक निघालं, त्यामुळे बारीक नक्षी टिपणं हेच त्याचं काम. जास्तीचे पैसे मी बोरॉन की माणकाची दांडी या वादापेक्षा टोकावर घालीन.

एक अडचण आहे. जुन्या बाजारातल्या एचएमव्ही एलपी पुष्कळदा सिरॅमिक कार्ट्रिजच्या जड सुईखाली झिजलेल्या असतात. अरुंद टोक कधी खाचेचा न झिजलेला भाग गाठतं आणि रेकॉर्ड नवी वाटते, कधी सगळी खरखर उघडी पाडतं. विकत घेण्याआधी आपल्या दोन झिजक्या रेकॉर्ड दुकानात नेऊन ऐका. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना यांपैकी कुठलीच सुई लावू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यांना वेगळी जाड सुई लागते.

बसेल का, ओढेल का?

रेगा कंपनीच्या आर्मना उंची कमीजास्त करण्याची सोय नसते, उंच कार्ट्रिजला आर्मखाली स्पेसर घालावा लागतो. थोरेन्स टीडी-१२४ या टर्नटेबलाच्या बहुतेक नगांची आतली थाळी बिडाची असते आणि एमसीचं जोरदार चुंबक तिच्याकडे ओढलं जातं, त्यामुळे सुईवरचा भार काट्यावर दिसतो त्याहून वाढतो. शिल्डिंग नसलेली कार्ट्रिज मोटरजवळ गेली की घुमते, हे रेगाचं टर्नटेबल आणि ग्रॅडोची कार्ट्रिज या जोडीबद्दल कधीपासून ऐकिवात आहे.

जोडल्यावर

डिजिटल काट्यावर भार कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मध्यावर किंवा जरा वर ठेवा. कमी भाराने रेकॉर्ड वाचते, हा गैरसमज आहे. सैल सुई खाचेच्या भिंतींवर आपटते आणि नुकसान तिथेच होतं. प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या पट्टीवर, बेअरवाल्डची मांडणी सगळीकडे सुचवतात, पण ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सनची करून पाहावी. तिचा आतला शून्यबिंदू, जिथे सुईचा कोन खाचेशी अचूक जुळतो, मध्यापासून ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे द्रुत जिथे संपतो तिथेच येतो.

मग थोडी वाकलेली रेकॉर्ड लावा आणि बाजूने सुईच्या दांडीकडे पाहा. लाटेबरोबर आर्म शांतपणे वरखाली होत असेल तर हिशेब बरोबर आला. कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकायला येत असेल किंवा स्पीकरचे कोन संगीत नसतानाही आतबाहेर होत असतील, तर कंपन खाली घसरलंय. सुई हजार तासांच्या आसपास बदलावी लागते, तेव्हा पैसे मोजण्यापूर्वीच दुकानदाराला विचारून घ्या. एमएमची सुई घरी बदलता येते, एमसी कंपनीकडे पाठवून बदलून घ्यावी लागते आणि त्याचं बिल नव्या कार्ट्रिजच्या जवळपास जाऊ शकतं.