घेवडा शिजवताना माझा नियम एकच: आधी खळखळून उकळी

"आत्या, काल राजमा केला होता. खाल्ल्यावर दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. मसाला जास्त पडला असेल का गं?"

भाच्याचा लीड्सहून फोन होता. मसाल्याचं राहू दे म्हटलं, शिजवलास कशात ते सांग. स्लो कुकरमध्ये, मंद आचेवर, रात्रभर. दाणे मऊ झाले होते, त्यामुळे शिजले असं त्याला वाटलं. तिथेच फसगत झाली.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुलाबी-तांबूस दाणा आणि त्यावर गडद पट्टे, म्हणून नाव वाघ्या. राजमा याचाच भाऊबंद. नोकरी मात्र आयुष्यभर रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून केली, आणि घेवड्यात काय असतं ते मला चुलीपाशी नाही, तिथल्या टेबलावर कळलं.

आमच्या फ्रीजमध्ये अँटी-ए-वन लेक्टिनची बाटली असायची. ते हुलग्याच्या बियांपासून काढतात, तोच हुलगा ज्याचं आपण माडगं करतो. 'ए' गटाच्या रक्तपेशींवर त्याचा थेंब टाकला की ए-वन उपगट असेल तर गुठळ्या होतात, ए-टू उपगट असेल तर होत नाहीत. लेक्टिन म्हणजे ठरावीक साखर ओळखून तिला धरून ठेवणारं प्रथिन. ही साखर चहातली नव्हे. पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात, ती. विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिलं.

एकदा मी घरून कच्चा घेवडा नेला. भिजवून वाटला, गाळला, आणि मुदत संपलेल्या 'ओ' गटाच्या पेशींवर एक थेंब टाकला. स्लाइड हलवते न हलवते तोच तांबडे कण एकमेकांना चिकटून वाळूसारखे दिसायला लागले. चांगल्या उकळलेल्या घेवड्याचं पाणी दुसऱ्या स्लाइडवर टाकलं. पाच मिनिटं हलवली, रंग एकसारखा राहिला, एक गुठळी नाही.

आता हेच आतड्यात पाहा. लहान आतड्याच्या अस्तरावरच्या पेशींनाही साखरेच्या साखळ्यांची दाट झालर असते. कच्च्या घेवड्याचं लेक्टिन पचनरसांना फारसं जुमानत नाही. ते या झालरीला जाऊन चिकटतं आणि पेशींवरचे अन्न शोषणारे बारीक तंतू बिघडवतं. एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो, आणि अस्तरातल्या पेशीही तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होत असतात. तरी मूल असेल, म्हातारं माणूस असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर थेट डॉक्टरकडे न्या.

"मग लेक्टिन वाईट, कडधान्यंच सोडा" असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. आपलं आतडंसुद्धा स्वतःची लेक्टिनं तयार करतं. त्यातलं रेग-थ्री नावाचं काही जिवाणूंच्या भिंतीतली साखर पकडतं आणि त्यांना अस्तरापासून लांब ठेवतं. सोडायचा तो कच्चेपणा.

तर घेवडा असा करा. पाव किलो दाणे निवडून भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घाला. पाच तासांपेक्षा कमी नको. सकाळी ते पाणी ओतून द्या. रस्स्याला रंग येतो म्हणून ते ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, पण लेक्टिन त्यातही उतरतं. दाणे दोनदा धुवा आणि नवीन पाणी घाला.

पातेल्यात करत असाल तर पाणी खळखळ उकळायला लागल्यावर घड्याळ बघा. पूर्ण उकळीत दहा मिनिटांत लेक्टिन मोडतं; मी अर्धा तास धरते, कारण मोठ्या पातेल्यात मधली उष्णता मागे राहते. मग आच कमी करून मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरमध्ये त्याहून सोपं: फेस येतो म्हणून अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंधरा मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या. एक दाणा चिमटीत दाबून फोडा. मध्ये पांढरा, पिठूळ ठिपका दिसला तर परत लावा. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच घाला, नाहीतर ते लवकर शिजत नाहीत.

स्लो कुकर हवाच असेल तर आधी गॅसवर हा अर्धा तास उकळून घ्या. ८० अंशांच्या आसपास तापलेला घेवडा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो, आणि मऊ दिसतो म्हणून माणूस पोटभर खातो. भाच्याचं तेच झालं.

नुसतं भाजूनही भागत नाही. २००६ मध्ये जपानात टीव्हीवर वजन कमी करण्याची एक कृती दाखवली: पांढरा घेवडा तीन मिनिटं भाजायचा, दळायचा, भातावर भुरभुरायचा. शंभराहून जास्त लोक आजारी पडले. मोड आलेला घेवडाही कोशिंबिरीत कच्चा नको. मूग-मटकीची गोष्ट वेगळी. श्रावण घेवड्याच्या कोवळ्या शेंगासुद्धा, म्हणजे फरसबी, आम्ही वाफवूनच खातो.